जादा ड्रॉइंगचे पैसे कोणी द्यायचे?

तुमची अडचण मी अशी समजलो: चार मजली इमारत, आरसीसी कन्सल्टंट (इमारतीचा सांगाडा डिझाइन करणारा इंजिनिअर) तुमच्या आर्किटेक्ट ऑफिसमार्फत, क्लायंटशी एकरकमी फी. आता आरसीसीवाले सुधारित ड्रॉइंगचे पैसे मागतात आणि क्लायंट म्हणतो, तुमचं तुम्ही बघा.

आज दोन्ही करार शेजारी ठेवून वाचा. क्लायंटच्या करारात ‘समाधान होईपर्यंत बदल’ आणि कन्सल्टंटच्या पत्रात ‘दोन रिव्हिजन’ असं असेल, तर तिसऱ्यापासूनचा खर्च तुमच्या खिशातला. पैशांच्या टप्प्यांचंही तसंच. क्लायंट प्लिंथ (जोतं) आणि स्लॅब झाल्यावर पैसे देणार, आणि तुम्ही मात्र ड्रॉइंग हातात पडताच निम्मी फी देणार, हे छोट्या ऑफिसला झेपत नाही.

माझ्याकडे एका बंगल्याच्या कामात क्लायंटचे वडील साइटवर म्हणाले, जिना पूर्वेला घ्या. मी मान डोलावली. दोन कॉलम सरकले, फुटिंगचं (पायाचं) ड्रॉइंग साइटवर गेलेलं परत मागवावं लागलं, बीमचं डिझाइन नव्यानं झालं. इंजिनिअरनं रात्री जागून ते दिलं. बिल तीन महिन्यांनी आलं, तोवर तो जिना क्लायंटच्या आठवणीतही नव्हता. इंजिनिअरचे पैसे रास्तच होते, ते मी भरले. तेव्हापासून त्याच संध्याकाळी क्लायंटला ईमेल जातो: काय बदललं, कोणी सांगितलं, कोणती ड्रॉइंग पुन्हा करावी लागतील, जादा फी किती. होकार आल्याशिवाय कन्सल्टंटला काम सांगत नाही. जादा ड्रॉइंगचा दर दोन्ही करारांत पहिल्या दिवशीच लिहिलेला असतो.

‘क्लायंटनं दिले की देऊ’ या कलमावर विसंबू नका. कन्सल्टंटची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर लेखी करार असूनही पैसे देण्याची मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटून पैसे दिले, तर तो खर्च प्राप्तिकरात प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच धरला जातो. म्हणून एका टप्प्याची कन्सल्टंट फी मी वेगळ्या खात्यात ठेवतो. क्लायंटला आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवतो. टॅक्स इन्व्हॉइस काढलं की पैसे येवोत न येवोत, १८ टक्के जीएसटी भरावाच लागतो. कन्सल्टंटचं बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही, तर त्यातल्या जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट (आपल्या जीएसटीतून वजा केलेली रक्कम) व्याजासह परत करावं लागतं, हेही ध्यानात असू द्या.

पुढच्या कामाला आरसीसी कन्सल्टंटची नेमणूक थेट क्लायंटकडूनच करून घ्या आणि समन्वयाची फी वेगळी लावा. स्ट्रक्चरच्या दाखल्यावर सही त्यांचीच असते, तेव्हा हे रीतसरही आहे.

सध्याच्या भांडणात प्रत्येक रिव्हिजनची तारीख काढा आणि तीन ढीग करा: क्लायंटनं मागितलेले बदल, तुमच्या ऑफिसची चूक, कन्सल्टंटची स्वतःची चूक. पहिला ढीग ईमेल आणि व्हॉट्सॲपच्या तारखांसह क्लायंटकडे न्या. दुसऱ्याचे पैसे तुम्ही द्या, तिसऱ्याचे देऊ नका. आणि ज्या रकमेवर वादच नाही, ती इंजिनिअरला याच आठवड्यात द्या. पुढच्या स्लॅबचं स्टील तपासायला त्यांनाच बोलवायचंय.