घर हडपसरला आणि शाळा बाणेरला?

प्रश्न : आम्ही अकोल्याचे. ह्यांची पुण्याला, हडपसरला बदली झाली आहे. मे महिन्यात बिऱ्हाड हलवायचं आहे. मुलगी दुसरीत आहे, मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. पुण्यातले दीर म्हणतात, बाणेरच्या एका सीबीएसई इंग्रजी शाळेत घाला, नाहीतर पुढे नीट-जेईईला मागे पडेल. त्या शाळेने डोनेशन सांगितलंय आणि मुलीची तोंडी परीक्षा घेणार आहेत. जाऊबाई म्हणतात, तिचं ‘मले-तुले’ आधी सुधारा, पुण्यातली मुलं हसतील. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, काही जमेल का? — एक आई, अकोला

ताई, नमस्कार.

माझ्याकडे पत्रं येतात ती दहावी-बारावीची. दुसरीतल्या मुलीच्या करिअरची चिंता वाचून आधी हसू आलं, मग तुमच्या दिरांचा थोडा राग आला. नीट-जेईईपासून तुमची लेक दहा वर्षं लांब आहे. २०१२ साली इंजिनिअरिंगला जाणारी मुलं एआयईईई देत होती, पुढच्याच वर्षी तिच्या जागी जेईई मेन आली. मेडिकलसाठी देशभर नीट पक्की झाली २०१६ मध्ये, आणि ती आज मराठीतूनही देता येते. दहा वर्षांनी कोणती परीक्षा असेल हे छातीठोकपणे सांगणारा कोणी भेटला तर मला कळवा, मीच त्याचा सल्ला घ्यायला जाईन.

तेव्हा बोर्डाचा विषय सध्या बाजूला ठेवा. मुलीचं गाव सुटतंय, मैत्रिणी सुटतायत. त्याच महिन्यात तिची शिकण्याची भाषाही बदलायची आणि पुस्तकंही? माझं मत विचाराल तर यंदा फक्त गाव बदलू द्या. स्टेट बोर्डाची मराठी किंवा सेमी इंग्रजी शाळा बघा. बालभारतीची जी पुस्तकं अकोल्यात, तीच पुण्यात. नव्या वर्गात पहिल्या दिवशी सगळे चेहरे अनोळखी असतील, निदान दप्तरातली पुस्तकं तरी इतरांसारखीच असतील. सीबीएसईत घालायचंच असेल तर पाचवी-सहावीला घाला, तोवर ती पुण्यात रुळलेली असेल. शिवाय सीबीएसईच्या शाळा बहुधा एप्रिलमध्येच सुरू होतात. मेमध्ये सामान उतरवून जूनमध्ये तिला वर्गात बसवाल तेव्हा बाकीच्यांचे धडे पुढे गेलेले असतील.

तारखांचं आणखी एक. उन्हामुळे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीकडे उघडतात, पुण्यात जूनच्या मध्यालाच. अकोल्याच्या सवयीने निवांत राहिलात तर पहिला आठवडा हुकेल, आणि कोण कुणाशेजारी बसणार, डबा कुणाबरोबर खाणार, हे लहान वर्गांत त्याच आठवड्यात ठरतं.

आता बाणेर. हडपसर आणि बाणेर ही शहराची दोन टोकं आहेत. मध्ये पुण्याची सगळी वाहतूक, त्यात स्कूलबस पोरं गोळा करत जाणार. सातला बसमध्ये चढलेलं पोर दुपारी घरी येतं ते चेहरा उतरवून, आणि मग आई म्हणते, अभ्यासाला बसत नाही. तुम्ही उलटीकडून सुरुवात करा. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो, शाळा निदान चौथीपर्यंतची. म्हणून आधी हडपसर परिसरात शाळा ठरवा, मग तिच्यापासून चालत जाता येईल असं घर बघा. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांनाही एक चक्कर मारा, केवळ नावावरून फुली मारू नका. शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी अर्धा तास उभ्या राहा. पोरं कशी बाहेर पडतात आणि बाई त्यांच्याशी कशा बोलतात, हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांची सोडत प्रवेशाच्या पहिल्या वर्गापुरतीच असते, तिसरीसाठी ती वाट नाही. पण त्याच २००९ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्यांदा तसं केलं तर २५ हजारांपर्यंत दंड आहे, आणि डोनेशन घेतलं तर रकमेच्या दहापटीपर्यंत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर आहेत, बाकीच्यांना तो लागू आहे. तुम्ही भांडत बसा असं मी म्हणणार नाही. पण सात-आठ वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन वर पैसे मागणारी शाळा पुढे कशी वागेल, याचा अंदाज फाटकातच येतो.

दाखल्याचं काम मात्र आजच हातात घ्या. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. दाखला हातात पडला की तिथेच उभ्या राहून वाचा : मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. आधारवरचं आणि ‘सरल’ या शासनाच्या ऑनलाइन नोंदीतलं नाव जुळतंय का तेही बघा. प्रवेश निर्गम उताऱ्याची, म्हणजे शाळेच्या नोंदवहीतल्या तिच्या नोंदीची, एक प्रतही मागून घ्या. बारावीनंतर जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी प्राथमिक शाळेच्या कागदांमागे धावणारे पालक मी दर जूनमध्ये बघतो. एका वेलांटीच्या दुरुस्तीसाठी पुण्याहून अकोल्याला खेपा घालण्यापेक्षा आत्ता दोन मिनिटं द्या.

राहिलं ‘मले-तुले’. सुधारू नका. पुण्याची भाषा ती दिवाळीपर्यंत आपोआप उचलेल आणि सुट्टीत अकोल्याला आली की पुन्हा ‘काहून’ म्हणेल. शाळा बघायला जाल तेव्हा तिला सोबत न्या, वर्गाच्या बाईंशी तिलाच बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. ती ‘मले चित्र काढाले आवडते’ म्हणाली आणि बाईंनी ‘कसलं चित्र गं?’ असं विचारलं, तर तिथेच अर्ज घ्या. बाई तुमच्याकडे बघून हसल्या, तर पुढची शाळा बघा.