दहा हजार लाइक आणि गूगलचं पहिलं पान

या महिन्यात सोशल मीडिया आणि गूगल या एकाच विषयावर इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, ते विचारणाऱ्यांनी कृपया रागावू नये. पत्रं जागेअभावी थोडी छोटी केलीयेत.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची अडीचशे-तीनशे कलमं आहेत. आधी सगळा माल वाशीला जायचा, आता तीन वर्षं थोडा थोडा थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. फेसबुक पेज आहे, मुलीने वेबसाइटही करून दिलीय. परवा एका एजन्सीवाल्याचा फोन आला, महिन्याला १५ हजार द्या, १० हजार लाइक आणि ५ हजार फॉलोअर्स देतो, मग गूगलवर 'देवगड हापूस' टाकलं की तुमचं नाव पहिल्या पानावर. द्यावेत का पैसे?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : दादा, नका देऊ. उत्तर खरंतर एवढंच आहे पण तुम्ही घामाचे पैसे घालणार म्हणून कारण नीट सांगतो.

गूगल फेसबुकवरचे लाइक मोजून कुणाला वर-खाली करत नाही. हा गैरसमज अगदीच हवेतून आलेला नाहीये. २००९ च्या शेवटी गूगलने ट्विटरशी करार केला होता, ट्वीट थेट सर्चमध्ये दिसायचे, आणि डिसेंबर २०१० मध्ये गूगल आणि बिंग (मायक्रोसॉफ्टचं सर्च) दोघांनीही पत्रकार डॅनी सलिव्हन यांना सांगितलं होतं की लोक सोशल मीडियावर काय शेअर करतात याचा आम्ही थोडाफार विचार करतो. मग २०११ मध्ये गूगलने स्वतःचंच प्लस वन बटण (फेसबुकच्या लाइकसारखं) आणलं, पाठोपाठ गूगल प्लस हे फेसबुकसारखं नेटवर्क आणलं, आणि जो तो म्हणायला लागला की शेअर वाढवा, रँकिंग (म्हणजे सर्चमध्ये नाव किती वर येतं ते) आपोआप वाढेल. पण ट्विटरचा तो करार २०११ च्या जुलैतच संपला (२०१५ मध्ये पुन्हा झाला, पण तो ट्वीट दाखवण्यापुरता) आणि जानेवारी २०१४ मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी एका व्हिडिओत सरळ सांगितलं की फेसबुक-ट्विटरची पानं आमच्यासाठी वेबवरच्या इतर कुठल्याही पानासारखीच, किती लाइक किती फॉलोअर्स हे आम्ही रँकिंगमध्ये धरत नाही. अशा एका साइटने पूर्वी मध्येच गूगलला दार बंद केलं होतं हेही त्यांनी सांगितलं, आणि दुसऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या माहितीवर अख्खं रँकिंग उभं करता येत नाही हे पटण्यासारखंच आहे. गूगल प्लस तर एप्रिल २०१९ मध्ये सामान्य लोकांसाठी बंदही झालं. तुम्हाला फोन करणारा माणूस २०११ सालची गोष्ट आज विकतोय.

मग शिफारशीचा काही उपयोगच नाही का? आहे, भरपूर आहे, फक्त रस्ता वेगळा आहे. असं बघा, डोंबिवलीतल्या एका ताईने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की मी यांच्याकडून पेटी मागवली, आढीत पिकवलेला आंबा, एकाही फळात साका (आतला पांढरट, खराब गर) निघाला नाही. हा मेसेज गूगलला कधीच दिसणार नाही. पण तो वाचून ग्रुपमधली पंधरा-वीस माणसं काय करतील, मोबाइल काढून गूगलवर तुमच्या बागेचं नाव टाकतील, साइट उघडतील, त्यातली काही ऑर्डर देतील, एखादा रिव्ह्यू लिहील, एखादीचा खाण्यापिण्याचा ब्लॉग असेल तर ती तुमच्या साइटची लिंक देऊन लिहील. शिफारस गूगलच्या कानावर पडत नाही, ती ऐकून माणसं पुढे जे करतात ते त्याला दिसतं. दुसऱ्या साइटने आपणहून दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारचं मत, ही तर १९९८ मधली गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची मूळ कल्पना, आणि लिंक आजही मोजल्या जातात.

म्हणून १५ हजारांच्या ऐवजी फुकटातल्या काही गोष्टी करा. सगळ्यात आधी नाव. तोंडी शिफारशीत फक्त नाव पुढे जातं, लिंक कुणाच्या लक्षात राहते. तुमचं नाव 'श्री गणेश आंबा बाग' असेल तर कोकणात तशा कितीतरी सापडतील, शोधणारा दुसऱ्याच्याच दारात जाईल. नावात गाव घाला, वाडी घाला, आणि पेटीवर, बिलावर, फेसबुकवर, साइटवर तेच नाव तसंच्या तसं लिहा, मराठीतही आणि इंग्रजी अक्षरांतही, कारण आपली माणसं दोन्ही प्रकारे टाइप करतात. दुसरं, सीझन संपला की साइटवरचं हापूसचं पान काढून टाकू नका. बरेच बागायतदार जूनमध्ये पान उडवतात आणि मार्चमध्ये नवीन करतात, मग गूगलसाठी ते दरवर्षी नवं पोर. एकच पान बारा महिने ठेवा, त्यावर 'या वर्षीचा माल संपला, मोहोर आला की कळवू' एवढं लिहा. भाव, कुठल्या शहरात पाठवता, फळ किती कच्चं निघतं, घरी आढी कशी घालायची, हे सगळं तिथे असू दे. २०१८ मध्ये आपल्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तुम्ही त्याची नोंदणी केली असेल तर तेही ठळक लिहा, शिफारस ऐकून आलेल्या माणसाला खात्रीच करायची असते.

आणि मुलीला सांगा गूगल सर्च कन्सोल जोडायला. फुकट आहे. कुठले शब्द टाकून लोक साइटवर आले ते दिसतं, १६ महिन्यांचं दिसतं, म्हणजे या एप्रिलची गाठ मागच्या एप्रिलशी घालता येते. तुमच्या बागेचं नाव टाकून येणारे वाढले असतील तर समजा तोंडी शिफारस चालतेय. 'देवगड हापूस' या शब्दांवर मोठ्या साइट पैसे ओतून बसल्यात, तिथे झुंजत बसण्यापेक्षा नावाने शोधणारे वाढवा, ते विकत घ्यायलाच आलेले असतात.

एक स्वतःचंच सांगतो. २०१२ च्या सुमारास मी एका छोट्या एजन्सीत होतो, तिथे आम्ही गिऱ्हाइकांना विकतच्या लिंक घेऊन द्यायचो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गूगलचं पेंग्विन अपडेट (असल्या लिंक पकडणारा सर्चमधला बदल) आलं आणि एका भांडीवाल्या काकांची साइट पार तळाला गेली. ते ऑफिसात येऊन शांतपणे विचारत होते की माझं काय चुकलं, आणि चूक त्यांची नव्हतीच, आमची होती. तेव्हापासून असा फोन कुणाला आला असं ऐकलं की मला राहवत नाही.

प्रश्न : मी मराठीत रेसिपी ब्लॉग लिहिते. फेसबुकच्या मोठमोठ्या ग्रुपवर लिंक टाकते, शेअरही खूप होतात, तरी गूगलवर मी तिसऱ्या-चौथ्या पानावर. त्या लिंक मोजतच नाहीत का?
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, जवळजवळ नाहीच. बरेचसे ग्रुप बंद असतात, लॉगिन केल्याशिवाय आतलं दिसत नाही, मग गूगल तरी कसं वाचणार. आणि जिथे दिसतं तिथेही सोशल मीडियावरच्या लिंकला बहुतेक वेळा 'नोफॉलो' अशी खूण असते. ही खूण जानेवारी २००५ मध्ये आली, ब्लॉगच्या कॉमेंटमध्ये लिंकांचा नुसता कचरा व्हायला लागला म्हणून. अर्थ एवढाच की या लिंकला मत समजू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने सांगितलं की आम्ही आता तिला हुकूम न मानता इशारा मानू, म्हणजे वाटलं तर विचार करू, पण त्यावर आशा लावून बसू नका.

पण ग्रुप सोडू नका! तिथे तुम्हाला जे मिळतंय ते शेअरपेक्षा मोलाचं आहे. पोस्टखालच्या कॉमेंट वाचा. 'माझी कटाची आमटी पातळ का होते', 'भाजणीत ज्वारी किती घालू', 'पुरण सैल झालं आता काय करू'. बायका जे तुम्हाला विचारतात तेच, त्याच शब्दांत, रात्री अकरा वाजता गूगललाही विचारतात. हे प्रश्न आणि तुमची उत्तरं रेसिपीच्या पानावर खाली लिहा. नुसतं साहित्य-कृती देणारी पानं ढिगाने आहेत, फसलेलं पुरण कसं सावरायचं ते स्वतःच्या अनुभवातून सांगणारी फार थोडी. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने आपल्या तपासनीसांच्या (सर्चचे निकाल तपासणाऱ्या माणसांच्या) नियमावलीत 'अनुभव' हा शब्द मुद्दाम घातला, लिहिणाऱ्याने ते स्वतः केलंय का हे बघा म्हणून. तुम्ही तर रोजच करताय.

अजून एक, ॲनालिटिक्समध्ये (साइटवर लोक कुठून आले ते दाखवणारं गूगलचं साधन) 'डायरेक्ट' म्हणून जे लोक दिसतात ते सगळेच काही पत्ता टाइप करून येत नाहीत, त्यात व्हॉट्सॲपवरून आलेले पुष्कळ असतात. पानावर व्हॉट्सॲपचं बटण देऊन त्यातल्या लिंकला यूटीएमची खूण (माणूस कुठून आला ते सांगणारी, पत्त्यामागची शेपटी) जोडा म्हणजे कळेल. आणि ग्रुपवर अख्खी रेसिपी टाकू नका, लोक ती नाव काढून पुढे पाठवतात. फोटो आणि एक नेमकी टीप टाका, बाकी ब्लॉगवर.

प्रश्न : हॅशटॅग जास्त टाकले तर गूगलवर वर येतं का?
— कॉलेज विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही. पण १० जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल अकाउंटच्या सार्वजनिक पोस्ट आणि रील गूगलमध्ये दिसू शकतात, सेटिंगमधून ते बंदही करता येतं. तेव्हा ढीगभर हॅशटॅगपेक्षा कॅप्शनमध्ये दोन ओळी नीट लिही, काय आहे, कुठलं आहे, कुणासाठी आहे.

प्रश्न : आंजर्ल्याला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. कासवांच्या सीझनला एक इन्फ्लुएन्सर दोन दिवस फुकट राहून गेला, रील लाखभर लोकांनी बघितली, फोन आठवडाभर खणखणला आणि मग बंद. गूगल मॅपवर अजून आमच्या आधी दुसरेच दिसतात. आमचं काय चुकतंय?
— होमस्टे चालवणारे दांपत्य, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : रीलने तिचं काम केलं. रील लाटेसारखी, आली आणि ओसरली, आणि लाखातले बहुतेक लोक पुण्या-मुंबईत बसमध्ये बसून बघणारे. मॅपवरचं गणित वेगळं असतं. गूगल तिथे तीन गोष्टी बघतं असं ते स्वतःच सांगतात, शोधणाऱ्याला हवंय ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती झालंय. या तिसऱ्यात रिव्ह्यूंची संख्या आणि रेटिंग येतं. म्हणजे लाइक मोजत नाहीत पण रिव्ह्यू मोजतात, हा फरक पुष्कळ लोकांच्या लक्षातच येत नाही. त्या आठवड्यात जे येऊन राहिले त्यातल्या किती जणांना तुम्ही रिव्ह्यू लिहा म्हणालात? आपल्याला मागायला संकोच वाटतो, मी कोकणातलाच आहे म्हणून सांगतो. निघताना चहा देता ना, तेव्हाच क्यूआर कोड पुढे करा आणि म्हणा, 'जसं वाटलं तसं लिहा.' बदल्यात सूट किंवा कोकमची बाटली देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि फक्त खूश दिसणाऱ्यांनाच विचारणंही बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर दोन दिवस थांबून शांतपणे उत्तर द्या, पुढचा पाहुणा तुमचं उत्तर जास्त बारकाईने वाचतो.

गूगल मॅपवरच्या प्रोफाइलमध्ये कासवांच्या किनाऱ्यावर पायी किती मिनिटांत पोचतो, जेवण शाकाहारी का मासळी, गाडी लावायला जागा आहे का, हे भरा. फोटो तुमचेच टाका, रीलवाल्याचे नको.

आणि तो इन्फ्लुएन्सर फुकट राहिला हे त्याने रीलमध्ये सांगितलं का? जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नियम समजावून सांगितलेत, फुकट मुक्काम हाही मोबदलाच, तो ठळकपणे सांगायला हवा, व्हिडिओत दिसायलाही हवं आणि ऐकू यायलाही हवं. लपवणाऱ्याला आणि जाहिरात करवणाऱ्यालाही दिशाभूल केल्याबद्दल १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. त्याने ब्लॉगवरही लिहून तुमची लिंक दिली असेल तर त्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' (मोबदला घेऊन दिलेली) अशी खूण लावायला सांगा.

प्रश्न : मी पुण्यात एका मार्केटिंग कंपनीत सात महिन्यांपूर्वी लागले, पहिलीच नोकरी आहे. रोज वेगवेगळ्या नावांनी दवाखान्यांना, क्लासना पाच स्टारचे रिव्ह्यू लिहायला लावतात. सगळेच करतात म्हणतात. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?
— नाव नको

उत्तर : बेटा, झोप लागत नाही हे बरोबरच आहे. तू लिहिलेला दवाखान्याचा रिव्ह्यू वाचून कुणीतरी आपल्या आजारी आईला तिथे नेतं, ही गोष्ट तुझ्या वरच्यांना दिसत नाहीये आणि तुला दिसतेय.

आधी व्यवहाराचं. सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, ते ऐच्छिक आहे, पण खोटा रिव्ह्यू म्हणजे काय ते त्याने स्पष्ट झालंय. गूगलही असे रिव्ह्यू काढतं, कधी त्या दुकानाच्या प्रोफाइलवर तशी सूचनाही लावतं, म्हणजे ज्याच्यासाठी लिहितेस त्याचंच नुकसान. हे लेखी, मेलवर, साहेबांना कळव. भांडू नकोस, फक्त म्हण की मी खऱ्या पेशंटना, खऱ्या विद्यार्थ्यांना रिव्ह्यूची आठवण करणारे मेसेज तयार करून देते, एक महिना करून बघू. हे काम खरंच चालतं आणि तुला शिकायलाही मिळेल. तुझ्या स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या अकाउंटवरून मात्र एकही खोटा रिव्ह्यू आता लिहू नकोस, आणि आधीचे लिहिलेले असतील ते काढून टाक, काढता येतात.

ऐकलं नाही तर दुसरी नोकरी शोधायला लाग, हातातली लगेच सोडू नकोस, घरचं भाडं असेल, पैसे पाठवायचे असतील. मुलाखतीत आधीच्या कामाबद्दल विचारलं तर खरं सांग. आणि दोन-तीन महिन्यांनी काय झालं ते मला नक्की लिहून कळव, मी वाट बघेन.