वाचकांचे प्रश्न : चार केबीचा डोंगर आणि अँटिव्हायरसची बोंब

प्रश्न : सर, मी औसा तालुक्यातला, लातूरला बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यूट्यूबवर 'एलिव्हेटेड' नावाचा एक व्हिडिओ बघितला, बर्फाचे डोंगर, मधी तळं, वरून उडत जाणारा कॅमेरा, संगीत पण आहे, आणि हे सगळं म्हणे ४ केबीच्या फाईलमधून निघतंय. मला खोटंच वाटलं म्हणून फाईल डाऊनलोड केली तर डिफेंडरनी (विंडोजमधला अँटिव्हायरस) लगेच ट्रोजन व्हायरस आहे म्हणून उडवून टाकली. मित्र म्हणतो अँटिव्हायरस बंद कर आन् चालव, कायबी होत नाही. पण कॉम्प्युटर माझ्या भावाचा आहे, त्याचं गावात आपले सरकार सेवा केंद्र आहे आणि सगळं काम त्याच मशीनवर चालतंय. काय करू? नाव छापू नका.

उत्तर : भाऊ, आधी एक सांगतो, त्या मशीनवरचा अँटिव्हायरस बंद करू नको. अजिबात नाही. बाकीचं आता सावकाश बोलू, कारण तुझा प्रश्न लई चांगला आहे आणि व्हिडिओ तर खराच आहे.

'एलिव्हेटेड' २००९ ची. जर्मनीत ब्रेकपॉइंट नावाचा, कोडमधून चित्र आणि संगीत काढणाऱ्यांचा मेळावा भरायचा, तिथं आरजीबीए आणि टीबीसी या दोन गटांनी मिळून ती दाखवली आणि ४ केबीच्या स्पर्धेत पहिली आली. ४ केबी म्हणजे ४०९६ बाइट. आता हे किती कमी ते आपल्या भाषेत सांगतो, युनिकोडमधे देवनागरीचं एकेक चिन्ह साधारण ३ बाइट खातं, 'महाराष्ट्र' हा एक शब्द लिहिला की ३० बाइट गेले. म्हणजे ४ केबीत मराठीची तेराशे-चौदाशे चिन्हं बसतात, तुला मी आत्ता जे उत्तर लिहितोय ते सुद्धा त्यात बसणार नाही. आणि त्या पोरांनी तेवढ्यात साडेतीन मिनिटांचा डोंगर बसवला, संगीतासकट.

कसं बसवलं? तुझ्या आईला किंवा बहिणीला ठिपक्यांची रांगोळी फोनवर दुसऱ्या गावच्या मैत्रिणीला सांगताना ऐकलं असशील. ती काय रांगोळीचा फोटो सांगत नाही, ती म्हणती "१५ ते ८ ठिपके काढ, मधल्या ओळीपासून सुरू कर, एक सोडून एक जोड". एवढ्या दोन वाक्यांत पलीकडं अख्खं अंगण भरतं. या फाईलमधे तसंच असतं, डोंगराचं चित्र नसतंच, डोंगर कसा काढायचा त्याचं गणित असतं आणि काढायचं काम तुझं ग्राफिक्स कार्ड करतं. संगीताचं पण तेच, रेकॉर्ड केलेलं गाणं आत नाही, सूर तयार करायचं छोटं वाद्यच आत लिहिलेलं आहे. याच गणिताच्या जोरावर फारब्राउश नावाच्या जर्मन गटानं २००४ मधे ९६ केबीत बंदूक घेऊन फिरायचा आख्खा थ्रीडी गेम केला होता, 'क्रीगर'. आपण व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगचा फोटो पाठवतो ना, तो बऱ्याचदा याच्यापेक्षा मोठा असतो.

मग डिफेंडर का ओरडला?

तर गणित लिहून झालं तरी ते ४०९६ च्या आत येत नाही, म्हणून ते दाबून दाबून भरावं लागतं. त्यासाठी क्रिंकलर नावाचं एक टूल आहे, ते कोड इतका दाबतं की बाहेरून बघणाऱ्याला निव्वळ कचरा दिसावा, आणि फाईल चालू केली की ती स्वतःच मेमरीत स्वतःला उलगडते आणि तो उलगडलेला कोड चालवते. विंडोजच्या फाईलला सुरवातीला एक हेडर लागतं, घराच्या दारावरच्या पाटीसारखं, त्यातल्या ज्या जागा विंडोज तपासत नाही तिथं सुद्धा कोड कोंबलेला असतो. आणि विंडोजची जी फंक्शनं, म्हणजे विंडोजनी आधीच तयार ठेवलेली कामं, वापरायची त्यांची नावं लिहिली तर जागा जाते, म्हणून नावाऐवजी एक छोटा आकडा ठेवायचा आणि चालताना त्या आकड्यावरून फंक्शन हुडकायचं.

आता हे तिन्ही परत वाच आणि व्हायरस लिहिणाऱ्याच्या जागी बसून वाच. त्याला पण कोड लपवायचाय, त्याला पण कुठली फंक्शनं वापरतो ते दाखवायचं नाही. एकाला जागा वाचवायची आहे, दुसऱ्याला तोंड लपवायचंय, पण दोघांचं गाठोडं बाहेरून सारखंच दिसतं. रात्री दोन वाजता तोंडाला रुमाल बांधून चाललेला माणूस चोर असेल किंवा तुरीला पाणी द्यायला निघालेला, थंडीनं कान बांधलेला शेतकरी असेल, कुत्रं दोघांवर भुंकतं. म्हणून मी डिफेंडरला दोष देत नाही, त्यानं त्याचं काम केलं.

तू एक बघ, त्यानं जे नाव दाखवलं त्याच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि एमएल अशी अक्षरं होती का? असली तर याचा अर्थ मशीन लर्निंगनी अंदाज बांधलाय, ओळखीचा व्हायरस सापडलाय असं नाही. जेनेरिक, ह्युरिस्टिक असे शब्द असले तरी बहुतेक तसंच. पण इथंच लोक घसरतात. नुसता अंदाज आहे म्हणजे फाईल चांगलीच असं नसतं, खरे ट्रोजन पण रोज याच अंदाजानं पकडले जातात.

तुझ्या मित्राचं आणखी एक म्हणणं असेल, एवढ्याशा फाईलमधे व्हायरस मावणार कुठं. त्याला स्लॅमर नावाच्या व्हायरसची गोष्ट सांग. जानेवारी २००३ मधे तो पसरला, ज्या सर्व्हरमधे त्याला शिरायला फट होती त्यातले जगभरातले बहुतेक त्यानं दहा मिनिटांत धरले, आणि त्याचा आकार होता ३७६ बाइट. म्हणजे 'महाराष्ट्र' बारा वेळा लिहायचं, बस.

माझ्या घरातली गोष्ट सांगतो. २००८ च्या आसपास अंबाजोगाईत माझ्या मावसभावाचं डीटीपीचं दुकान होतं, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं असली कामं. त्याला एक सॉफ्टवेअर पाहिजे होतं आणि पैसे नव्हते, म्हणून मी कुठून तरी त्याचा क्रॅक, म्हणजे लॉक तोडायचं चोरटं टूल, आणला. लॉक उघडायचा नंबर बनवून देणारी छोटी खिडकी उघडली, त्यात रंगीत अक्षरं सरकायला लागली आणि असं काही किणकिणतं संगीत सुरू झालं की मी काम सोडून ते ऐकत बसलो. दोन दिवसांनी पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. ऐन लग्नसराईत तीन घरच्या पत्रिका गेल्या, भावानं रात्रभर बसून परत टाईप केल्या आणि मला एक शब्द बोलला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. खूप वर्षांनी कळलं की ते संगीत आणि तुझा डोंगर एकाच घराण्यातले आहेत. १९८० च्या दशकात युरोपातली पोरं कमोडोर ६४ नावाच्या घरगुती कॉम्प्युटरवरच्या गेमचं लॉक तोडायची आणि गेमच्या आधी आपल्या सहीसारखं एक ॲनिमेशन लावायची, पुढं त्यातल्या कित्येकांना लॉक तोडण्यापेक्षा ती सहीच प्यारी झाली, आणि त्यातून डेमोसीन ही स्वतंत्र कला उभी राहिली. फिनलंडनी २०२० मधे ती आपल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, पुढच्या वर्षी जर्मनीनी घेतली. म्हणजे मी ऐकलं ते संगीत खरोखरच कुणीतरी जीव ओतून केलेलं होतं. त्याच पुडक्यात कुणीतरी दुसऱ्यानं घाण घातली होती, आणि आतलं संगीत ऐकून मला ते कळायला काही मार्ग नव्हता.

म्हणून फाईलकडं बघून भरवसा ठरवू नको, ती कुठून आली आणि तू ती कुठं उघडणार हे बघ. डेमोसीनवाल्यांची जुनी नोंदवही म्हणजे पुएट डॉट नेट, तिथं प्रत्येक कामाचं पान असतं, कुणी केलं, कोणत्या मेळाव्यात, कितवा नंबर, आणि डाऊनलोड बऱ्याचदा सीन डॉट ऑर्गच्या संग्रहातून असतं. जी फाईल तिथं वर्षानुवर्षं पडून आहे आणि हजारो लोकांनी चालवून त्यावर मतं दिली तिची गोष्ट वेगळी, आणि तीच फाईल कुणी टेलिग्रामवर दिली तर ती तीच आहे कशावरून? व्हायरसटोटल नावाच्या साईटवर टाकून बघता येतं, तिथं बरीच अँटिव्हायरस इंजिनं एकदम तपासतात, पण ४ केबीच्या फाईलवर त्यातली बरीच लाल दिसतील आणि तू पुन्हा होतास तिथंच. आणि हो, भावाच्या गिऱ्हाइकाचं कागदपत्र चुकून पण तिथं टाकू नको, तिथं टाकलेली फाईल सुरक्षा कंपन्यांना बघायला मिळते.

आता तुझ्या घरच्या मशीनचं. त्या कॉम्प्युटरवर गावातल्या लोकांचे आधार आहेत, बँक पासबुकाचे फोटो आहेत, थंब मशीन जोडलेलं आहे, पीक विम्याच्या दिवसांत तर अख्खा गाव त्याच्यासमोर रांगेत उभा असतो. त्या लोकांनी भावावर भरवसा टाकलाय, तुझ्या हौसेवर नाही. तिथं ही फाईल चालवायचीच नाही, चांगली असली तरी नाही. व्हिडिओ बघ, हाय क्वालिटीचे आहेत. चालवायचीच असंल तर कॉलेजच्या मित्राचा एखादा जुना पीसी बघा ज्यात कुणाचं काही नाही, इंटरनेट काढा, आणि फक्त त्या एका फोल्डरला डिफेंडरमधून सूट द्या, डाऊनलोडच्या फोल्डरला किंवा अख्ख्या ड्राइव्हला देऊ नका. त्या पीसीवर विंडोजचं प्रो व्हर्जन असेल तर विंडोज सँडबॉक्स आहे, म्हणजे खिडकीतलं तात्पुरतं वेगळं विंडोज, खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं, होममधे ते मिळत नाही. सुरवातीला काही सेकंद नुसती काळी स्क्रीन दिसली तर घाबरू नको, ते उलगडतंय. साध्या ग्राफिक्सवर अडखळेल किंवा चालणारच नाही, बाहेर पडायला एस्केप.

प्रश्न : माझ्या जाऊबाईंना ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली, एपीके फाईल होती, त्यांनी दाबली आणि काहीच उघडलं नाही. काही होईल का? (एक वाचक, गंगाखेड)

उत्तर : ताई, एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाईल. हे वाचेपर्यंत थांबला नसाल तर बरं. नुसती फाईल उतरली असेल आणि इन्स्टॉलला हो म्हटलं नसेल तर फाईल काढून टाका. इन्स्टॉल झालं असेल तर आधी फोनचं नेट बंद, वायफाय पण, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवा, पासवर्ड पण दुसऱ्याच फोनवरून बदला, कारण असली ॲपं एसएमएस वाचून ओटीपी पुढं पाठवतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. मग फोटो वाचवून फोन रिसेट करून घ्या. ज्यांच्या नंबरवरून आलं त्यांना पण कळवा, त्यांचा फोन आधीच दुसऱ्याच्या हातात गेला असंल. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही.

प्रश्न : मी परभणीजवळच्या शाळेत गणित शिकवते. नववीच्या मुलांना कोडमधून चित्र काढायचं वेड लागलंय, पण लॅबचे कॉम्प्युटर जुने आणि काही डाऊनलोड करायची परवानगी नाही. काय करता येईल? (एक शिक्षिका)

उत्तर : मॅडम, परवानगी नाही हे चांगलंच आहे, आणि त्यानं तुमचं काही अडत पण नाही. 'एलिव्हेटेड' करणाऱ्यांपैकी एक, इनिगो किलेज, यांनी २०१३ मधे एका मित्राबरोबर शेडरटॉय ही साईट सुरू केली, ब्राउझरमधेच कोड लिहायचा आणि शेजारी चित्र हलतं. दुसऱ्याचा कोड पूर्ण वाचता येतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, विंडोजवर चालवायच्या एक्झी फाईलसारखं झाकलेलं गाठोडं नाही. तो ब्राउझरच्या कुंपणात चालतो, तुमच्या फाईलींना हात लावत नाही, लई झालं तर टॅब अडकेल. मशीन फारच जुनं असेल तर ड्विटर नावाची साईट आहे (ते पूर्वीचं ट्विटर नव्हे, ट च्या जागी ड), तिथं १४० अक्षरांत चित्र बसवायचं असतं, नववीच्या पोरांना ही मर्यादाच आवडेल.

पहिला पाठ मी विहिरीचा देईन. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याचं मधल्या ठिपक्यापासून अंतर काढायचं, पायथागोरस त्यांना येतोच. त्या अंतराला एखाद्या आकड्यानं गुणायचं, त्यातून वेळ वजा करायची, त्याचा साइन घ्यायचा आणि तेवढा उजेड त्या ठिपक्याला द्यायचा. बस, विहिरीत दगड टाकल्यावर लाटा बाहेर पसरतात तशी वर्तुळं पसरायला लागतात. मग वजाच्या जागी अधिक करायला सांगा आणि लाटा उलट्या मधे का येतात ते त्यांनाच विचारा. साध्या फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० ठिपके असतात, सेकंदाला ६० वेळा काढले तर १२ कोटींच्या वर हिशेब होतात, आणि हे प्रत्येक ठिपक्यासाठी तेच एक सूत्र करतं, हे ऐकल्यावर त्यांचे चेहरे बघा.

पोरांनी काही केलं तर मला नक्की पाठवा, पण लिंक पाठवा, फाईल नको. अनोळखी एक्झी मी उघडत नाही, मग ती तुमच्या वर्गातून आली असली तरी.