टोकन देण्याआधी एवढं वाचा (मोशीत भाड्याने घर घेणाऱ्या दादांसाठी)

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. उदगीरहून आलात, भोसरी एमआयडीसीत नोकरी लागली, बायको आणि चार वर्षांचा मुलगा महिनाअखेर येणार, पिंपरी-चिंचवडच्या मोशीत भाड्याने वन बीएचके बघितलाय. एजंट पाच हजार टोकन मागतोय आणि म्हणतोय, "भाडेकरार रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी चालते, तुमचाच खर्च वाचेल." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मला राहवेना. २०१७ साली अगदी हेच वाक्य आम्हाला ऐकवलं होतं.

डिपॉझिट किती, भाडं किती पाडून मागायचं, हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे. मी कराराचंच सांगते.

आम्ही सांगली जिल्ह्यातून आलो. दापोडीच्या बाजूला घर मिळालं. मालक माणूस चांगला होता. कागदाचं सगळं एजंटच्या ऑफिसने केलं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार, खाली नोटरीचा जांभळा शिक्का, कोपऱ्यात लाल गोल सील. मी दोनदा विचारलं, हे रजिस्टर झालं ना? ऑफिसातला माणूस म्हणाला, "ताई, नोटरी म्हणजे रजिस्टरच." मी विश्वास ठेवला. एवढीच माझी चूक, पण ती फार महागात पडली.

पुढच्या वर्षी मुलीसाठी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत मोफत प्रवेशासाठी राखलेल्या २५ टक्के जागांमधून अर्ज भरला. आमचा प्रवर्ग बसत होता आणि शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत होती. सोडतीत नंबर लागला, मोबाइलवर मेसेज आला. त्या संध्याकाळी आम्ही पेढे आणले होते. मग कागदपत्रं तपासायला गेलो. टेबलावरच्या मॅडमनी करार हातात घेतला आणि थेट मागून उलटायला लागल्या. शेवटचं पान बघितलं, पुन्हा पहिलं बघितलं आणि म्हणाल्या, "फोटो आणि अंगठे कुठे आहेत? हा नोटरीचा आहे. दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात, नोंदवलेलाच लागतो." मी म्हटलं, आठवड्यात नोंदवून आणते. तर म्हणाल्या, करार अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा हवा, आता करून उपयोग नाही. त्या नियमानेच बोलत होत्या, त्यांच्यावर राग नाही.

राग आहे तो त्या एजंटच्या ऑफिसवर. परत गेले तेव्हा तोच माणूस मला म्हणाला, "शाळेसाठी पाहिजे असं तुम्ही आधी सांगायचं ना." एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून मोजून घेतलं आणि ज्या एका कामाचे पैसे घेतले तेच केलं नाही. आठवीपर्यंतची फी वाचली असती. त्याऐवजी आरडी मोडून जवळच्या एका छोट्या शाळेत पहिल्या वर्षाची फी भरली.

तुमचा मुलगा चारचा आहे, म्हणून हे एवढं लांबवून लिहितेय. आरटीईत बसत असाल तर तुमच्यावरही हीच वेळ येईल. त्यात बसत नसलात तरी पासपोर्टला पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा तर तो नोंदणीकृतच लागतो.

खर्चाचं म्हणाल तर एजंट उगाच घाबरवतात. मुद्रांक शुल्क पाव टक्का. समजा भाडं १२ हजार आणि करार ११ महिन्यांचा, तर एकूण भाडं १ लाख ३२ हजार आणि त्यावर ३३० रुपये. डिपॉझिटच्या व्याजाचा हिशेब धरतात म्हणून थोडं वाढेल. शहरात नोंदणी शुल्क एक हजार. घरी येऊन अंगठे आणि फोटो घेणाऱ्याचे पैसे वेगळे, ते आधी ठरवून घ्या. हे सगळं ऑनलाइन होतं, कुठल्या ऑफिसात रांग लावावी लागत नाही. आमच्या भागात बहुतेक जण खर्च अर्धाअर्धा करतात.

मालक "नको ती भानगड" म्हणाले तर त्यांना शांतपणे सांगा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी त्यांच्याच फायद्याची आहे. आमच्या आताच्या मालकांना हे कळल्यावर त्यांनी स्वतःच माणूस बोलावला. मी वकील नाही, अनुभवातून आणि थोडं वाचून सांगतेय. आरटीईचे नियमही दरवर्षी नव्या सूचनांसोबत येतात, तेव्हा त्या वर्षीच्या बघा.

आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हे वेगळं काम आहे. "पोलीस व्हेरिफिकेशन झालं म्हणजे सगळं झालं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. करार हातात आला की आधी मागची पानं बघा. दोघांचे फोटो, अंगठे, दस्त क्रमांक आणि दस्त गोषवारा (नोंदवलेल्या कराराचा सारांश) असलं पाहिजे.

येण्याजाण्याचं विचारलंत. भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, म्हणून घर बघायला तुम्ही गुरुवारीच जाल आणि रस्ता बराच मोकळा मिळेल. तसं करू नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटपासून त्या घरापर्यंत एकदा जाऊन बघा. नाशिक रस्ता तेव्हा कसा असतो ते अंगाला कळू दे. मग मोशी की दिघी की भोसरी गावातच, ते ठरवा. माझं मत विचाराल तर दोन हजार भाडं जास्त गेलं तरी चालेल, पण कंपनीच्या जवळ राहा. मेट्रोचं भोसरी म्हणून ओळखलं जाणारं स्टेशन नाशिक फाट्याला आहे, भोसरी गावात नाही. त्या नावावर विसंबून घर घेऊ नका. तिथून पुढे बस किंवा रिक्षा करावीच लागते.

पाण्याचंही विचारा. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. इमारतीची टाकी केवढी आहे आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे मालकाला नको, खालच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारा.

टोकन अजून दिलं नसेल तर आज थांबा. मालकांना मेसेज करा: "करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवणार असाल तरच टोकन देतो." त्यांचं "हो" मेसेजवर येऊ द्या, मगच पैसे पाठवा, तेही मालकांच्या खात्यावर. आणि टोकन आधीच गेलं असेल तर पावतीवर काय लिहिलंय ते इथे टाका, नावं झाकून. मी रात्री नऊनंतर बघते.