आठवड्यातल्या दोन दुपारी आणि नववीचे अपूर्णांक

प्रिय विद्यार्थिनी,

तू पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, आठवड्यातल्या दोन दुपारी मोकळ्या आहेत आणि गरीब वस्तीतल्या माध्यमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून जावं असं मनात आहे. करिअरवर व्याख्यानं द्यावीत की गणित शिकवावं, आणि पुढे नोकरीच्या वेळी याचा उपयोग होईल का, असं तू विचारलं आहेस.

गणित शिकव. तेही चारच मुलांना, ठरलेल्या दोन वारी, ४५ मिनिटं, पूर्ण सत्रभर. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये एकास एक शिकवण्याचा परिणाम फार मोठा असल्याचं मांडलं. नंतरच्या अभ्यासांत तो तेवढा मोठा दिसला नाही, पण लहान गट आणि वारंवार भेट यांचा फायदा पुन्हा पुन्हा दिसला. व्याख्यान मुलं आवडीनं ऐकतील, पण अपूर्णांकांपाशी अडलेल्या मुलीला त्यानं बीजगणित सुटणार नाही.

आधी मुख्याध्यापकांना भेट आणि कुठे हात कमी पडतोय ते विचार. चार नावं वर्गशिक्षकांकडून घे. ते कोणत्या रीतीनं शिकवतात तेही विचारून घे, नाहीतर मूल दोन रीतींच्या मधे गोंधळतं. लेखी परवानगी आणि शाळा सांगेल ती पडताळणी पहिल्या तासाआधी उरकायची. येताजाता दिसेल अशा, दार उघड्या असलेल्या खोलीत बसायचं. मुलांना खासगी नंबर, पैसे, भेटवस्तू द्यायच्या नाहीत आणि पालकांच्या संमतीशिवाय फोटो काढायचे नाहीत.

पहिल्या दिवशी १२ उदाहरणं दे, गुण न देता. त्यात हे असू दे: ०.३५ मोठी की ०.४? −३ − ५ किती? १/२ + १/३ किती? काही जण ०.३५ मोठी म्हणतील, कारण त्यांना ४ पेक्षा ३५ मोठे दिसतात. बेरजेचं उत्तर २/५ येईल: अंशात अंश मिळवला, छेदात छेद. तिथे लगेच लसावि सांगायला घेतलास तर मुलं रीत पाठ करतील आणि परीक्षेच्या आधीच विसरतील.

त्यापेक्षा ३० सेंटिमीटरची कागदी पट्टी काप. निम्मी म्हणजे १५ सेंटिमीटर, एक तृतीयांश म्हणजे १०. दोन्ही तुकडे जोडले की २५. आता २/५ मोजायला सांग: १२ सेंटिमीटर. निम्म्यात भर घातली आणि उत्तर निम्म्यापेक्षाही लहान! हे मुलांना स्वतः दिसू दे, तू बोलू नकोस. मग पट्टीचे सहा सारखे भाग पाडायला लाव. निम्म्यात तीन भाग, तृतीयांशात दोन, एकूण सहापैकी पाच. लसावि कशासाठी काढतात, हे तिथे कळतं. याला अख्खा तास गेला तरी जाऊ दे.

चारपैकी दोनच मुलं येतील, असे दिवस असतील. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत असेल, कुणी कामावर गेलं असेल. सगळ्यांसमोर कारण विचारू नकोस. प्रत्येक तास आपल्यापुरता पूर्ण ठेव आणि पहिली ५ मिनिटं उजळणीला दे, म्हणजे मागचा तास चुकलेलं मूल पुन्हा बसू शकतं. गृहपाठही शक्यतो देऊ नकोस, कारण घरी बसायला कोपरा असेलच असं नाही. सराव तिथेच करून घे. सर्वांत जास्त नुकसान होतं ते तीन आठवडे येऊन गायब होणाऱ्या स्वयंसेवकांमुळे. तुझ्या परीक्षेच्या तारखा आधीच सांगून ठेव.

आता नोकरीबद्दल. नुसत्या प्रमाणपत्राला फारसं वजन नसतं. पण एक वही ठेव: तारीख, हजेरी, घटक, कुठे अडलं. सत्राच्या शेवटी तीच १२ उदाहरणं आकडे बदलून दे. 'चार मुलं, इतके तास, आधी इतकी बरोबर, नंतर इतकी' हे मुलाखतीत सांगता येतं आणि त्यावर विचारलेल्या प्रश्नांना तू उत्तरंही देऊ शकतेस. शिक्षक व्हायचं मनात असेल, तर प्रवेश घेण्याआधी स्वतःला जोखण्याची ही चांगली संधी आहे.

शेवटचा तास कधी, हे मुलांना दोन आठवडे आधी सांग, आणि वहीची एक प्रत वर्गशिक्षकांना दे. पुढच्या सत्रात जो येईल त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.