कोल्हापुरातून तीन महिने एकट्याने भारत फिरायला किती पैसे साठवावेत?

दिवसाला 800 रुपये धरा, म्हणजे 90 दिवसांचे 72 हजार. वर 15 हजार वेगळ्या खात्यात ठेवा, आजारपणाला किंवा अचानक घरी परतायला.

पैसा तिकिटात कमी जातो, सारखं गाव बदलण्यात जास्त. मी पहिल्या महिन्यात अकरा गावं केली आणि निम्मे पैसे रिक्षा-लॉजवाल्यांना वाटून बसलो. नंतर एकेका गावी दहा-दहा दिवस राहिलो. आठवड्याच्या बोलीवर खोली स्वस्त मिळते, खानावळही सापडते.

रेल्वेचं सर्क्युलर तिकीट बघा. निघालात तिथंच परत यायचं, मध्ये आठ ठिकाणी उतरता येतं. सलग अंतराचा दर लागतो म्हणून सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त. बर्थचं आरक्षण मात्र प्रत्येक टप्प्याला वेगळं करावं लागतं. राज्यातल्या राज्यात एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आहेच, 4 किंवा 7 दिवसांचा.

घरातून भडंग आणि कांदा-लसूण चटणी न्याच. फक्त डबा स्टीलचा, घट्ट फिरकीचा. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये माझ्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण मनमाडच्या आधीच उघडलं. त्या सॅकला अजून वास येतो.