रिपोर्ट नॉर्मल, मग पोट दुखतं ते खोटं का?

हा प्रश्न समुपदेशनात इतक्या वेळा येतो की समोरची व्यक्ती फाईल उघडायच्या आधीच पुढचं वाक्य कळतं. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, कुठे काही नाही. आणि घरात एक वाक्य कायमचं मुक्कामाला आलेलं असतं: "तुझें सगळें मनांत आसा."

फोंड्याजवळच्या एका बाईंचं उदाहरण घेते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या सरकारी खात्यात कारकून, रोज कदंबाने, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने, पणजीला येणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर जुलाब-उलट्या झाल्या, आठवड्यात थांबल्या, पण पोट पूर्वीसारखं झालं नाही. बस सुटली की कळ आणि घाई. म्हणून त्या सकाळी उपाशी निघायच्या आणि बसायच्या दाराजवळच्याच सीटवर.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "मॅडम, मी नाटक करते का?"

"स्वयंपाकात मिरच्या कोण चिरतं?"

"मीच."

"नंतर कोमट पाण्यात भांडी घासली तर?"

"हात पेटतात."

"पाणी उकळतं असतं?"

"नाही हो. कोमटच."

"हात कापलेला, सोललेला?"

"नाही." मग बराच वेळ त्या आपल्या तळव्यांकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझी दुर्बीण म्हणजे त्या हाताचा फोटो. फोटोत आग दिसत नाही."

पुढची सगळी सत्रं या वाक्यावर उभी राहिली. असं वाक्य सल्ल्यातून देता येत नाही, ते समोरच्याच्या तोंडून यावं लागतं. आपण फक्त मिरची नेमक्या वेळी पुढे करायची.

आणि ही नुसती उपमा नाही. मज्जातंतूंच्या टोकांवर आयन चॅनेल नावाची प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. दार उघडलं की सोडियम, कॅल्शियमचे भारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या दारावर काम करतं ते टीआरपीव्ही१ एरवी साधारण ४३ अंशांच्या पुढे उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७मध्ये ओळखलं. कॅप्सायसिन चिकटलं की उघडण्याची पातळी खाली येते आणि कोमट पाणीही चटका देतं. तेच दार आतड्याच्या तंतूंवरही आहे. जंतुसंसर्गानंतर आतड्यातल्या संरक्षक पेशी हिस्टामिनसारखी द्रव्यं सोडत राहिल्या, तर त्याची पातळी तिथेही उतरलेली राहते. जुलाबांच्या साथीनंतर साधारण दहांत एकाला असं पोट मागे राहतं.

पोटाला आतला माल कळतो तो आणखी काही दारांमुळे. अस्तरात विखुरलेल्या एंटेरोक्रोमाफिन पेशी शंभरात जेमतेम एक. त्यांच्यावरचं पीझो२ दाब आणि ताण ओळखतं, तर टीआरपीए१ मोहरीसारखा झणझणीतपणा. पीझो चॅनेल आर्डेम पटापुटियन यांच्या गटाने २०१०मध्ये शोधले. २०२१चं नोबेल त्यांना आणि ज्युलियस यांना मिळून. ही दारं उघडली की पेशी सेरोटोनिन सोडते, आणि ते शेजारच्या तंतूवरच्या ५-एचटी३ या आणखी एका दारावर थाप मारतं. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच असतं. (ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, 'आनंदासाठी केळी खा' हा सल्ला तेवढ्यापुरता विसरा.)

मग मनाचा काही संबंध नाही? आहे, पण क्रम उलटा धरायला हवा. पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतले सुमारे ८० टक्के धागे पोटाकडून मेंदूकडे जातात. म्हणून मी विचारांशी वाद घालण्याआधी शरीरापासून सुरुवात करते. घाबरलेला मेंदू पोटाची साधी हालचालही धोका म्हणून वाचतो, हे खरंच. पण घंटा वाजते ती खालीच.

या बाईंची मोठी चूक होती उपाशी निघणं. खाल्ल्यावर अर्ध्या तासात मोठं आतडं हलतं, ही निरोगी क्रिया आहे. ती टाळण्यासाठी त्या अकरा वाजता ऑफिसबाहेर पाव-पातळभाजी आणि कडक चहा भरून घ्यायच्या. रिकाम्या पोटावर एकदम ताण, वर तिखट आणि वाटाणा. आम्ही वेळापत्रक उलटं केलं: पाऊण तास आधी उठायचं, उकड्या तांदळाची पेज घ्यायची, पंधरा-वीस मिनिटांनी पायांखाली स्टूल घेऊन शौचाला बसायचं, दहा मिनिटांत काही झालं नाही तर उठायचं, कुंथायचं नाही. मग बस.

बसमध्ये श्वास: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पोट फुगवून, दहा मिनिटं. आधी घरी दोन आठवडे सराव, नाहीतर ऐन कळ आल्यावर जमत नाही. सीट दर आठवड्याला दारापासून एक ओळ मागे.

इसबगोलात गडबड झाली. उत्साहात दोन मोठे चमचे घेतले आणि पोट ढोलासारखं झालं. पाणी धरून फुगणारा पदार्थ एकदम जास्त गेला, तर ताण ओळखणारी दारंच खडखडवतो. अर्धा चमचा, पूर्ण ग्लासभर पाणी, आठवड्याने एक चमचा.

कांदा, लसूण, गहू, वाटाणे-आळसांदे (गोव्यातली चवळी) चार आठवडे कमी केले आणि मग एकेक करून परत आणले. हा जन्मभराचा उपास नव्हे. लसणाची चव हवी असेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात. या पदार्थांतली नीट न पचणारी, त्रास देणारी साखर तेलात उतरत नाही. त्यांना लसूण बाधतो हे कळलं, कांदा थोडा चालतो हेही.

मात्र शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रक्त कमी होणं, झोपेतून उठवणारी कळ, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास किंवा घरात आतड्याचा कर्करोग असेल, तर समुपदेशकाकडे नव्हे, आधी पोटविकारतज्ज्ञांकडे जायचं.

आठव्या भेटीत त्या मधल्या सीटवर बसून आल्या होत्या. वाटेत पोट दोनदा वाजलं, म्हणाल्या, पण उतरावंसं वाटलं नाही. मग थोडं खाली बघत विचारलं, "हरमलची मिरची माशांच्या हुमणात घालू का परत?"

"अर्धी. रविवारी."

"आणि सोमवारी बस आहे!"

"मग शनिवारी घाला."